विरोधाची सही: एका सरकारी संस्थेतील लांबलेल्या बैठकीचे प्रकरण

सरकारी नोकरी चांगली का, असे विचारले की उत्तरे बहुधा ठरलेली असतात: शाश्वती, वेळेवर होणारा पगार, रजा आणि निवृत्तिवेतन. ही उत्तरे खोटी नाहीत, आणि ज्यांनी बेभरवशाच्या रोजगारावर संसार ओढला आहे त्यांना या गोष्टींचे मोल सांगावे लागत नाही. परंतु या चारही गोष्टी असूनही जेथे सकाळी पाऊल टाकणे नकोसे होते अशी सरकारी कार्यालये जगभर आहेत, आणि तीच वेतनश्रेणी असताना जेथून माणसे हलायला तयार नसतात अशीही आहेत. हा फरक कशामुळे पडतो हे समजून घेण्यासाठी मी येथे एकाच संस्थेतील एक प्रसंग निवडला आहे. अमेरिकेच्या नासा या सरकारी अवकाश संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये एका उड्डाणापूर्वी आढावा बैठक झाली, ती लांबली, आणि शेवटी उड्डाणाला परवानगी न देता संपली. सरकारी मालक म्हणून एखादी संस्था थोर कशी ठरते, याचे उत्तर मला त्या बैठकीत आणि तिच्या आधीच्या सहा वर्षांत सापडते.

नासाचे नाव निघाले की चंद्र आणि दुर्बिणी डोळ्यांसमोर येतात, पण या प्रकरणापुरते तिच्याकडे एक सरकारी खाते म्हणूनच पाहावे. तेथील बहुतेक कर्मचाऱ्यांचा पगार केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वेतनतक्त्यानुसार ठरतो. त्यात १५ श्रेणी आणि प्रत्येक श्रेणीत १० टप्पे आहेत, आणि एखाद्याच्या कामावर खूश होऊन त्याचा पगार दुप्पट करण्याची मुभा विभागप्रमुखाला नसते. पैसा काँग्रेसच्या म्हणजे अमेरिकी संसदेच्या मंजुरीने येतो, आणि राष्ट्राध्यक्ष बदलला की दहा वर्षांचे ठरलेले उद्दिष्ट एका भाषणात बदलू शकते. म्हणजे कोणत्याही सरकारी खात्याच्या प्रमुखाचे हात जसे बांधलेले असतात, तसेच येथेही आहेत.

कोलंबियाचे सोळा दिवस

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे स्पेस शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारे अवकाशयान, परतताना वातावरणात शिरले, फुटले, आणि त्यातील सातही अंतराळवीर मरण पावले. १६ जानेवारीला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील उष्णतारोधक फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला होता, आणि उड्डाणाच्या चित्रफिती तपासताना तो आदळल्याचे दुसऱ्याच दिवशी लक्षात आले होते. त्यामुळे विचार करायला, विचारायला आणि पाहायला दोन आठवड्यांचा अवधी हाती होता. पंखाला नेमके काय झाले आहे ते कळावे म्हणून संरक्षण खात्याच्या साधनांनी त्याची छायाचित्रे घ्यावीत, अशी मागणी वेगवेगळ्या मार्गांनी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा ती मागे पडली. एका अभियंत्याने आपली तीव्र चिंता मांडणारा ईमेल लिहिला, सहकाऱ्याला दाखवला, परंतु वरिष्ठांना पाठवला नाही. मोहिमेच्या काळात व्यवस्थापन समितीने रोज बसावे असा नियम असताना त्या सोळा दिवसांत तिच्या पाचच बैठका झाल्या.

निवृत्त ॲडमिरल हॅरल्ड गेहमन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मध्ये अहवाल दिला. या अपघाताला फोमचा तुकडा जितका कारणीभूत होता तितकीच संस्थेची कार्यसंस्कृतीही कारणीभूत होती, असे मंडळाने स्पष्ट म्हटले. त्या अहवालातील एक निरीक्षण तर प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याने आपल्या टेबलावर लिहून ठेवावे असे मला वाटते. यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी एरवी उड्डाणाच्या बाजूने बोलणाऱ्यावर असते. येथे यान धोक्यात आहे हे सिद्ध करण्याचा भार शंका घेणाऱ्यांवर आला, आणि ते सिद्ध करण्यासाठी जी छायाचित्रे हवी होती तीच त्यांना मिळाली नाहीत.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण सरकारी नोकरीविषयीचा एक मोठा समज या ठिकाणी मोडतो. तो ईमेल न पाठवणारा अभियंता नासाचा कायम कर्मचारी होता. त्याला रातोरात कामावरून काढता आले नसते, त्याच्या पगाराला धक्का लागला नसता, त्याचे निवृत्तिवेतन सुरक्षित होते. तरीही तो थांबला. शाश्वतीमुळे माणूस नोकरीत टिकतो, पण तेवढ्याने त्याचे तोंड उघडत नाही. बैठकीत आपले म्हणणे हसण्यावारी जाईल, पुढच्या वेळी आपल्याला बोलावणेच येणार नाही, ‘हा अडवणारा माणूस आहे’ असा शिक्का बसेल, ही भीती नोकरी जाण्याच्या भीतीपेक्षा पुष्कळदा मोठी असते, आणि तिच्यावर सेवाशर्तींमध्ये कोणतेही कलम नसते.

निनावी तक्रारीची सोय नव्हती, असेही नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर शटलचा अपघात झाल्यावर नासाने १९८७ मध्ये सुरक्षेविषयीच्या चिंता गुप्तपणे कळवण्याची स्वतंत्र व्यवस्था सुरू केली होती, आणि कोलंबियाच्या वेळी ती चालू होती. तक्रारपेटी लावली म्हणजे कर्मचाऱ्यांचे ऐकले, असे समजणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने या गोष्टीचा विचार करावा. पेटीत टाकलेली चिठ्ठी उघडली जाईपर्यंत निर्णयाची वेळ टळून गेलेली असते.

एक लहानसा तुकडा

१४ नोव्हेंबर २००८ रोजी एंडेव्हर शटलचे उड्डाण झाले. शटलच्या तीन मुख्य इंजिनांकडून हायड्रोजन वायू इंधनटाकीकडे परत जातो आणि टाकीतला दाब टिकून राहतो. हा प्रवाह कमीजास्त करणारे तीन व्हॉल्व्ह असतात. त्या उड्डाणात एका व्हॉल्व्हमधून अपेक्षेपेक्षा जास्त वायू वाहत असल्याचे नियंत्रकांना दिसले. बाकीच्या दोन व्हॉल्व्हनी ते सांभाळून घेतले आणि मोहीम नीट पार पडली. यान परतल्यावर त्या व्हॉल्व्हची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या आतील हलणाऱ्या भागाच्या कडेचा एक तुकडा मोडलेला आढळला. असा तुकडा प्रचंड वेगाने नळीतून जाताना नळी फोडू शकेल का, फोडलीच तर हायड्रोजन कोठे गळेल, आणि बाकीच्या व्हॉल्व्हमध्ये अशा भेगा आधीच पडलेल्या असतील का, या प्रश्नांची उत्तरे कोणाकडे नव्हती.

पुढचे उड्डाण डिस्कव्हरीचे होते आणि ते १२ फेब्रुवारी २००९ रोजी ठरले होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या सौर पंखांची शेवटची जोडी घेऊन ते जाणार होते. शटलांचा वापर २०१० मध्ये थांबवायचा असे धोरण ठरलेले असल्याने उरलेल्या प्रत्येक उड्डाणाची तारीख पुढच्या तारखांना बांधलेली होती. त्यातच २६ मार्चला रशियाचे सोयूझ यान स्थानकाकडे निघणार होते, आणि त्याआधी डिस्कव्हरीचे काम झाले नाही तर उड्डाण एप्रिलवर जाणार होते. कोलंबियाच्या वेळीही स्थानकाच्या बांधणीचे वेळापत्रक असेच मानगुटीवर बसलेले होते, हे त्या खोलीत बसलेल्या अनेकांना आठवत असणार.

तारीख दोन-तीनदा पुढे ढकलल्यानंतर २० फेब्रुवारीला उड्डाणसिद्धतेची आढावा बैठक बसली. अवकाश मोहिमांचे प्रमुख विल्यम गर्स्टनमायर अध्यक्षस्थानी होते आणि वेगवेगळ्या केंद्रांतील शंभराहून अधिक माणसे हजर होती. सकाळी सुरू झालेली बैठक रात्रीपर्यंत चालली. शंभराहून अधिक शटल उड्डाणांत या व्हॉल्व्हने घात केलेला नाही, तेव्हा धोका स्वीकारण्याजोगा आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते, आणि ते बेजबाबदार नव्हते. त्यामागे खरा अनुभव होता. भेग किती मोठी झाल्यावर तुकडा निघतो, तो केवढा निघतो आणि कोठे आदळतो हे सांगता येत नसताना धोक्याचा आकडा मांडणे म्हणजे केवळ अंदाज बांधणे होय, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. वेगवेगळ्या गटांची गणिते एकमेकांशी जुळत नव्हती. एवढ्या चर्चेनंतर निर्णय झाला तो उड्डाण न करण्याचा. नवी तारीखसुद्धा जाहीर झाली नाही. आधी आणखी चाचण्या व्हाव्यात असे ठरले.

या निर्णयात सहा वर्षांपूर्वीचे पारडे उलटे झालेले दिसते. शंका घेणाऱ्यांना ‘धोका दाखवा’ असे सांगून घरी पाठवले गेले नाही. आपल्याला काय माहीत नाही हे संस्थेने मान्य केले, आणि ते शोधण्याचे काम व त्याला लागणारा वेळ स्वतःच्या शिरावर घेतला. नंतरच्या दोन आठवड्यांत तुकडा नळीवर आदळल्यास काय होईल याच्या चाचण्या झाल्या. एडी करंट या विद्युतचुंबकीय तपासणीने आधीच्या पद्धतींना न दिसणाऱ्या बारीक भेगा व्हॉल्व्हमध्ये शोधता येतात असे लक्षात आले. आणि यानात कमी उड्डाणे झालेले व्हॉल्व्ह बसवले गेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा आढावा झाला तेव्हा परवानगी मिळाली. व्हॉल्व्हशी संबंध नसलेल्या एका गळतीमुळे ११ मार्चचा प्रयत्न रद्द झाला आणि १५ मार्च २००९ रोजी डिस्कव्हरी सुखरूप निघाले.

ही बैठक शक्य कशी झाली

अध्यक्ष सज्जन होते म्हणून बैठक चांगली झाली, असे म्हणून हे प्रकरण मिटवता आले असते. गर्स्टनमायर यांची सर्वांना बोलू देण्याची वृत्ती खरीच होती. पण सरकारी खात्यात अधिकाऱ्याची बदली होते, तो निवृत्त होतो, सरकार बदलले की खुर्ची बदलते, आणि एका माणसाच्या स्वभावावर उभी राहिलेली मोकळीक त्याच्याबरोबरच निघून जाते. म्हणून त्या खोलीबाहेर आधी काय बदलले होते हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पहिला बदल पैशाचा आणि अधिकाराच्या साखळीचा होता. ज्या प्रकल्पाला तारीख गाठायची आहे त्याच प्रकल्पाच्या प्रमुखाकडे अभियंत्याचा निधी आणि बढती असेल, तर त्या अभियंत्याकडून निर्भय मताची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तांत्रिक निर्णयाचा अधिकार वेळापत्रक आणि खर्च सांभाळणाऱ्यांपासून वेगळा करावा, अशी शिफारस चौकशी मंडळाने केली होती. त्यानंतर मुख्य अभियंता आणि सुरक्षाप्रमुख यांची साखळी प्रकल्पाच्या साखळीपासून वेगळी झाली. २००३ मध्येच नासाच्या लँगली केंद्रात अभियांत्रिकी आणि सुरक्षेचे एक स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, जे कोणत्याही प्रकल्पाची परवानगी न घेता स्वतःच्या चाचण्या करू शकते. कामाची जागा म्हणून एखादे कार्यालय कसे आहे हे ओळखायचे असेल, तर तुमचा वार्षिक अहवाल कोण लिहितो आणि तुम्ही ज्याला नकार द्यायचा तो आणि अहवाल लिहिणारा एकच आहे का, हा प्रश्न मी आधी विचारेन.

दुसरा बदल नियमांतला होता. निर्णयाविषयी कर्मचाऱ्याची भूमिका तीन प्रकारची असू शकते, असे नासाच्या नियमावलीत लिहिले गेले: निर्णय पटला, निर्णय पटला नाही, तरी त्याला पूर्ण साथ आहे, किंवा निर्णय पटला नाही आणि औपचारिक असहमती नोंदवायची आहे. तिसऱ्या प्रकारात विषय पुरेसा गंभीर असावा लागतो आणि कर्मचाऱ्याने तो वरच्या पातळीवर नेण्याची विनंती करावी लागते. मग दोन्ही बाजूंची वस्तुस्थिती लेखी मांडली जाते आणि गरज पडल्यास प्रकरण संस्थेच्या प्रमुखापर्यंत जाते. मधली वाट मला विशेष शहाणपणाची वाटते. मतभेद आणि असहकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ती मान्य करते, आणि न पटलेले काम मनापासून करणाऱ्या माणसाला त्याच्या मताची अप्रतिष्ठा न करता जागा देते. आपल्या ओळखीच्या किती कार्यालयांत अशी जागा असते? बहुतेक ठिकाणी दोनच वाटा असतात, होकार किंवा बंड, आणि शहाणी माणसे मग होकार देऊन आतल्या आत कुढत राहतात.

परंतु नियम कागदावर येऊन भागत नाही. कर्मचारी नियम वाचत नाहीत. नियम वापरणाऱ्या पहिल्या माणसाचे पुढे काय झाले ते ते पाहतात. येथे २००६ ची घटना निर्णायक ठरली असे माझे मत आहे. त्या वर्षी जूनमध्ये डिस्कव्हरीच्या उड्डाणापूर्वीच्या आढाव्यात मुख्य अभियंता ख्रिस्तोफर स्कोलीज आणि सुरक्षाप्रमुख ब्रायन ओकॉनर यांनी इंधनटाकीवरील फोमच्या काही भागांबद्दल समाधान नसल्याने उड्डाण करू नये असे मत दिले आणि ते अधिकृत कागदावर सहीनिशी नोंदवले. तुकडा लागलाच तर अंतराळवीरांना अवकाश स्थानकात आश्रय घेता येईल, हे लक्षात घेऊन दोघांनी पुढे अपील केले नाही. संस्थेचे प्रमुख मायकेल ग्रिफिन यांनी त्यांचे मत बाजूला ठेवून परवानगी दिली, तसे का केले हे उघडपणे सांगितले, आणि ४ जुलै २००६ रोजी उड्डाण यशस्वी झाले. म्हणजे विरोध करणाऱ्यांची भीती त्या वेळी खरी ठरली नाही. एखाद्या वाईट कार्यालयात एवढ्यावरून त्यांची कायमची थट्टा झाली असती.

प्रत्यक्षात ओकॉनर २०११ पर्यंत सुरक्षाप्रमुख राहिले. स्कोलीज यांना २००७ मध्ये संस्थेतील सर्वांत वरच्या प्रशासकीय पदांपैकी एक मिळाले, आणि जानेवारी २००९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष आल्यावर नवा प्रमुख नेमला जाईपर्यंत तेच नासाचे हंगामी प्रमुख होते. त्यामुळे २० फेब्रुवारीला व्हॉल्व्हविषयी ‘अजून नाही’ म्हणायला जो अभियंता उभा राहिला असेल, त्याच्या संस्थेच्या सर्वोच्च खुर्चीवर त्या दिवशी असा माणूस होता ज्याने तीन वर्षांपूर्वी उड्डाणाविरुद्ध सही केली होती. कार्यसंस्कृतीवरची शंभर व्याख्याने या एका वस्तुस्थितीची बरोबरी करू शकत नाहीत.

क्रमवारी आणि तिच्याबाहेरची माणसे

अमेरिकेतील पार्टनरशिप फॉर पब्लिक सर्व्हिस ही संस्था २००३ पासून केंद्र सरकारच्या खात्यांची कामाची जागा म्हणून क्रमवारी लावते. त्यासाठी २०२४ पर्यंत सरकारच्याच कर्मचारी सर्वेक्षणातील उत्तरे वापरली जात, आणि मूळ गुण तीन साध्या प्रश्नांवर ठरत: आपली संस्था कामासाठी चांगली आहे असे तुम्ही इतरांना सांगाल का, आपल्या कामावर तुम्ही समाधानी आहात का, आणि आपल्या संस्थेवर समाधानी आहात का. मोठ्या खात्यांमध्ये नासा २०१२ पासून दहापेक्षा अधिक वर्षे सलग पहिली आली. २०११ च्या जुलैमध्ये शेवटचे शटल उतरले होते आणि संस्थेचे तीस वर्षांचे मुख्य काम संपले होते, तरी पुढच्याच वर्षी तिला पहिला क्रमांक मिळाला, याचे मला अजून आश्चर्य वाटते. २००९ सारख्या बैठकांमुळेच हा क्रमांक मिळाला असा कार्यकारणभाव मी मांडत नाही. नासाच्या कामाचे आकर्षण इतके मोठे आहे की त्याचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे. मात्र कामाचे आकर्षण कोलंबियाच्या वेळीही तेवढेच होते, हे विसरता येत नाही.

या क्रमवारीचा एक मोठा दोष सांगितला पाहिजे. शटल थांबल्यावर ज्या हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या ती बहुतेक कंत्राटदार कंपन्यांची माणसे होती. त्यांनी तीच याने दुरुस्त केली, त्याच बैठकांत आकडे मांडले, पण सरकारी सर्वेक्षण सरकारी कर्मचाऱ्यांपुरते असते, त्यामुळे त्यांचे उत्तर कोणी विचारले नाही. एकाच छताखाली काम करणाऱ्या दोन माणसांपैकी एकालाच ‘ही जागा चांगली आहे का’ असे विचारायचे आणि त्याच्या उत्तरावर त्या जागेचा गौरव करायचा, हे मला न्याय्य वाटत नाही, आणि कंत्राटी माणसांवर चालणाऱ्या प्रत्येक सरकारी कार्यालयाला हा आक्षेप लागू आहे.

२०२५ मध्ये सरकारी नोकरकपातीच्या धोरणाखाली नासातील सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांनी मुदतीआधी नोकरी सोडण्याचा पर्याय घेतला. ही संख्या एकूण मनुष्यबळाच्या पाचव्या हिश्श्याच्या जवळ जाते. त्याच वर्षी जुलैमध्ये शेकडो आजी-माजी कर्मचाऱ्यांनी संस्थेच्या हंगामी प्रमुखांना उद्देशून ‘व्हॉयेजर जाहीरनामा’ या नावाने एक पत्र प्रसिद्ध केले. प्रस्तावित कपाती आणि तांत्रिक अधिकाराच्या व्यवस्थेतील बदल यांविरुद्ध औपचारिक असहमती नोंदवणारे ते पत्र होते. म्हणजे कोलंबियानंतर जे हत्यार कर्मचाऱ्यांच्या हाती आले होते तेच त्यांनी वापरले. स्कोलीज आणि ओकॉनर यांनी २००६ मध्ये आपल्या विरोधाखाली आपली नावे लिहिली होती. या पत्राखाली सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांनी सूडाच्या भीतीने आपले नाव दिले नाही.